साक्षीदार किती आणि घाई किती?

घनसावंगी तालुक्यांतील एका वाचकभगिनीचें पत्र गेल्या महिन्यांत आमच्याकडे आलें. पत्र लांबलचक आहे, आणि त्यांतील सर्व घरगुती मजकूर येथें देणें योग्य होणार नाहीं. परंतु त्यांतील प्रश्न आज ना उद्यां आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं उपस्थित झाल्यावांचून राहणार नाहीं. म्हणून बाईंच्या अनुमतीनें त्याचा सारांश देतों, आणि आमच्या अल्पमतीप्रमाणें उत्तरही देतों.

बाईंचें घर एकत्र. लहानथोर मिळून सतरा माणसें. त्यांच्या आजेसासऱ्यांच्या वेळीं भाऊबंदांत वाटणी झाली. तिचा एकच कागद लिहिला गेला, आणि तो थोरल्या घरच्या पेटींत राहिला. चाळीसएक वर्षांनीं पेटी उघडली तेव्हां वाळवीनें कागदाचा भुगा केलेला होता. लबाडी कोणाचीच नव्हती. पण विहिरीच्या पाळीवरून आणि बांधाकडील मोसंबीच्या सहा ओळींवरून दोन घरांचें जाणेंयेणें जें बंद झालें, तें बाईंच्या लग्नकार्यांतही सुरू झालें नाहीं. आतां मामंजींच्या हयातींतच पुन्हां वाटणीचें बोलणें निघालें आहे. थोरल्या दिरांचा मुलगा पुण्यास संगणकाच्या व्यवसायांत आहे. तो म्हणतो, "काकू, वाटणीपत्राचा ठसा इथीरियमवर ठेवूं, म्हणजे ब्रह्मदेवालाही तो बदलतां यायचा नाहीं." धाकट्या जाऊबाईंचा मुलगा छत्रपती संभाजीनगरास शिकतो. त्याचें म्हणणें, "इथीरियम म्हणजे बैलगाडी. पॉलिगॉनवर तेंच काम दोन सेकंदांत आणि चार पैशांत होतें." दोन्ही मुलें गुणी आहेत; आणि घरांतील वडील मंडळींस दोन्ही नांवें सारखींच अपरिचित आहेत. बाई विचारतात, "वही कोणाच्या हातीं द्यावी, एवढेंच मला समजेल असें सांगा."

प्रथम ही वस्तु काय आहे तें पाहूं. ब्लॉकचेन म्हणजे एक वही. तिच्यांत नोंदींचें एक पान भरलें कीं गणिताच्या ठराविक नियमानें त्या पानाचा एक ठसा काढतात, आणि तो पुढच्या पानाच्या माथ्यावर लिहितात. मागील पानांतील एक काना जरी कोणीं बदलला, तरी त्या पानाचा ठसा बदलतो. तो बदलला म्हणजे पुढील पानाचा बदलतो. आणि अशा रीतीनें शेवटच्या पानापर्यंत चोरी उघडी पडते. म्हणूनच तिला पानांची सांखळी म्हणतात. परंतु एवढ्यानें भागत नाहीं. वही एकाच्याच हातीं असेल, तर तो गृहस्थ सारीं पानें नव्यानें लिहून सारे ठसे नव्यानें काढूं शकेल. यासाठीं तीच वही पुष्कळांच्या घरीं ठेवावयाची, आणि नवें पान पुष्कळांची साक्ष पडल्यावरच जोडावयाचें, अशी योजना केलेली आहे.

ही कल्पना आमच्या वाचकांस परकी वाटण्याचें कारण नाहीं. त्यांच्यांपैकीं कित्येकांच्या पूर्वजांनीं गांवची वही सांभाळलेली आहे. देशावर कुळकर्णी आणि निजामी मुलखांत पटवारी यांच्याकडे गांवचें दप्तर असे. एकच लेखणी असल्यामुळें काम झटपट उरके. परंतु त्या लेखणीचा गांवास धाक असे, आणि तो धाक नेहमींच निष्कारण होता असें आपण प्रामाणिकपणें म्हणूं शकणार नाहीं. वतनाचा मोठा तंटा उभा राहिला म्हणजे मात्र कोणी एका लेखणीवर विसंबत नसे. गोतसभा बसे; पाटील, कुळकर्णी, देशमुख, देशपांडे, शेटे, बलुतेदार अशीं सारीं जमत; साक्षीपुरावे होत; आणि निवाड्याचा जो महजर लिहिला जाई त्यावर पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू, अशा ज्याच्या त्याच्या धंद्याच्या निशाण्या पडत. ज्यास अक्षर येत नसे त्याचीही साक्ष त्यांत धरली जाई. असा महजर मागाहून खोटा ठरविणें सोपें नव्हतें, कारण त्यासाठीं एका माणसास वश करून भागत नसे. पण गोत जमवावयास दिवसचे दिवस लागत. आणि मेथीच्या जुडीच्या व्यवहारासाठीं गोतसभा बोलावण्याचा वेडेपणा कोणी करीत नसे.

बाईंच्या पुतण्यांचा वाद नेमका येथेंच आहे. वहीची सत्ता किती हातांत वांटलेली आहे, यास नवे लोक विकेंद्रीकरण म्हणतात. आणि कामाचा व्याप वाढला असतां वही न तुंबतां तो किती पेलते, यास स्केलेबिलिटी म्हणतात. आम्ही त्यास वहीची पेल म्हणूं. या दोन गुणांचें आपसांत फारसें जमत नाहीं. साक्षीदार वाढविले कीं पेल घटते, आणि पेल वाढवूं गेलें कीं साक्षीदार कमी करण्याचा मोह होतो. इथीरियम आणि पॉलिगॉन यांनीं या पेचांतून दोन निरनिराळ्या वाटा काढल्या आहेत.

इथीरियमची कल्पना व्हिटालिक ब्यूटेरिन या तरुणानें २०१३ च्या अखेरीस मांडली, आणि ३० जुलै २०१५ रोजीं ती वही सुरू झाली. प्रारंभीं तिचीं पानें गणिती कोडीं सोडविणाऱ्या यंत्रांकडून लिहविलीं जात, व त्यांत विजेचा अपरिमित व्यय होई. १५ सप्टेंबर २०२२ रोजीं ती रीत टाकून अनामतीची रीत स्वीकारली, तेव्हां विजेचा खर्च शेंकडा ९९ हून अधिक उतरला. आतां साक्षीदार होऊं इच्छिणारानें त्या जाळ्याचें ईथर नांवाचें चलन, निदान ३२ ईथर, अनामत ठेवावें लागतें. त्यानें एकाच जागीं दोन परस्परविरुद्ध साक्षी दिल्या तर अनामत कापली जाते. साक्षीदारांच्या अशा जागा सुमारें दहा लाखांच्या घरांत आहेत. दर बारा सेकंदांस एक पान होतें, आणि प्रत्येक पानास एकूण साक्षीदारांचा बत्तिसावा हिस्सा साक्ष घालतो. म्हणजे साडेसहा मिनिटांच्या आंत सर्वांची एकेक पाळी होते, आणि अशा दोन पाळ्या उरकल्या म्हणजे पान कायम झालें असें समजतात.

या वहीचीं पानें जाणूनबुजून लहान ठेवलेलीं आहेत. तीं मोठीं केलीं असतीं तर वेग वाढला असता. परंतु मग वहीची नक्कल बाळगण्यास इतकें थोर यंत्र लागलें असतें कीं ती थोड्या धनिकांच्याच घरीं राहिली असती. साधारण प्रतीचा घरगुती संगणक आणि दोनेक टेराबाइटची साठवण एवढ्या सामग्रीवर कोणाही गृहस्थास नक्कल ठेवतां यावी, असा या मंडळींचा आग्रह आहे. त्याचा परिणाम असा झाला कीं, कित्येक वर्षें या वहींत दर सेकंदास पंधराच्या मागेंपुढेंच नोंदी होत आल्या. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस क्रिप्टोकिटीज नांवाचा मांजरांच्या चित्रांच्या खरेदीविक्रीचा एक खेळ निघाला, आणि जगभरच्या हौशी लोकांनीं घेतलेल्या त्या मांजरांनीं ही वही तुंबवून टाकली. २०२१ सालीं तर कांहीं दिवस एका नोंदीची सरासरी फी पन्नास डॉलरांच्याही वर, म्हणजे आपल्या साडेतीन हजार रुपयांच्या वर गेली होती. अलीकडे ही स्थिति पुष्कळ सुधारली आहे. मुख्य वहीवर भार न टाकतां पोटवह्यांत व्यवहार करावे आणि त्यांचा हिशेब पुराव्यासह मुख्य वहींत जमा करावा, असें धोरण ठरलें. मार्च २०२४ पासून पोटवह्यांस स्वस्त जागा मिळाली, आणि २०२५ सालीं पानांचा आकारही टप्प्याटप्प्यानें दुप्पट केला गेला. त्यामुळें फी बरीच उतरली आहे. तरीही मुख्य वही जलद आहे असें तिचे भक्तही म्हणत नाहींत.

पॉलिगॉनचा जन्म याच अडचणींतून झाला, आणि त्याचें मूळ आपल्या मुंबईशीं जुळलेलें आहे हें कळून वाचकांस कौतुक वाटेल. जयंती कनानी, संदीप नैलवाल व अनुराग अर्जुन यांनीं २०१७ सालीं मॅटिक या नांवानें हा उद्योग आरंभला. २०२० सालीं वही प्रत्यक्ष सुरू झाली, आणि फेब्रुवारी २०२१ मध्यें तिला पॉलिगॉन हें नांव मिळालें. नव्या युक्त्या आधीं पारखून पाहण्यासाठीं त्यांचें जें चांचणीचें जाळें असे, त्याचें नांवच २०२४ पर्यंत 'मुंबई' होतें. या वहींत साक्षीदारांच्या जागा मर्यादित, सुमारें १०५, ठेवलेल्या आहेत. थोडीं माणसें लौकर जमतात, त्याप्रमाणें येथें दोन सेकंदांच्या सुमारास एक पान होतें आणि फी बहुधा पैशांत मोजावी लागते. ठराविक अंतरानें या वहीचा गोषवारा इथीरियमच्या वहींत नोंदविला जातो, आणि त्यावरून पुष्कळांचा असा समज होतो कीं, इथीरियमच्या दहा लाख साक्षी आपोआप पॉलिगॉनलाही मिळतात. तो समज बरोबर नाहीं. वर जे पोटवह्यांचे पुरावे म्हटले ते इथीरियमला तपासतां येतात. पॉलिगॉनच्या या मूळ वहीच्या गोषवाऱ्यावर मात्र साक्षीदारांच्या अनामतीच्या दोन तृतीयांशांहून अधिक बळाच्या सह्या आहेत कीं नाहींत, एवढेंच तेथें पाहिलें जातें. गांवच्या जमाखर्चाचा गोषवारा तालुक्याच्या कचेरींत गेला, कचेरीनें सह्या पाहून तो दप्तरीं लावला, आंतील बेरीज मात्र तपासली नाहीं, असा हा प्रकार आहे.

जलद वही तुंबतच नाहीं असेंही कोणी समजूं नये. जानेवारी २०२२ मध्यें सनफ्लॉवर फार्मर्स नांवाचा, पडद्यावर सूर्यफुलें लावून तीं विकण्याचा एक खेळ पॉलिगॉनवर निघाला. आमच्या जिल्ह्यांत पाऊस लांबला म्हणजे खऱ्या शेतकऱ्याच्या तोंडचें पाणी पळतें. येथें खोट्या शेतकऱ्यांच्या गर्दीनें खऱ्या वहीची फी भडकली. इथीरियमला मांजरांनीं जो धडा दिला, तोच चार वर्षांनीं पॉलिगॉनला सूर्यफुलांनीं दिला.

थोड्या साक्षीदारांचा लाभ आणि धोका दोन्ही एकाच प्रसंगांत दिसले. ३ डिसेंबर २०२१ रोजीं एका सज्जन तपासनीसानें पॉलिगॉनच्या चालकांस कळविलें कीं, वहींत एक भयंकर छिद्र आहे व त्यांतून अब्जावधि मॅटिक नाहींसे होऊं शकतील. चालकांनीं साक्षीदारांस गुपचूप निरोप धाडले, आणि ५ डिसेंबर रोजीं सर्वांनीं वहीचा नियम बदलून छिद्र बुजविलें. दरम्यान सुमारें आठ लाख मॅटिक चोरीस गेलेच. त्यांची भरपाई संस्थेनें सोसली. सर्वसामान्य लोकांस ही हकीकत महिनाअखेरीस समजली. शंभर घरें होतीं म्हणून दोन दिवसांत दुरुस्ती झाली, हें खरेंच. पण जीं शंभर घरें चांगल्या कामासाठीं दोन दिवसांत गुपचूप एकत्र येतात, तीं वाईट कामासाठीं किंवा एखाद्या सरकारच्या दडपणाखालीं येणार नाहींत अशी हमी कोण देणार? पुढें मार्च २०२२ मध्यें एका सुधारणेंत चूक होऊन ही वही सुमारें अकरा तास बंद पडली. त्याच सालीं अशीही चर्चा झाली कीं, इथीरियमवर ठेवलेल्या पॉलिगॉनच्या मुख्य तिजोरीच्या किल्ल्या आठजणांकडे असून त्यांतील पांचांनीं मनांत आणिलें तर नियम बदलतां येतात. इथीरियमची वही २०१५ पासून अशी पूर्णपणें थांबलेली नाहीं, ही गोष्ट तिच्या पक्षीं नमूद केली पाहिजे.

परंतु न्यायानें बोलावयाचें तर इथीरियमच्या अंगींही डाग आहे. जून २०१६ मध्यें द डाओ नांवाच्या एका सामायिक ठेवींतून सुमारें ३६ लाख ईथर एका चतुरानें काढून नेले. २० जुलै २०१६ रोजीं बहुमतानें वहीचा प्रवाहच फिरवून ती रक्कम परत आणण्यांत आली. ज्यांस हें मान्य झालें नाहीं त्यांनीं जुनीच वही इथीरियम क्लासिक या नांवानें पुढें चालविली. म्हणजे 'ब्रह्मदेवालाही बदलतां यायचें नाहीं' हें थोरल्या चिरंजीवांचें वाक्य इतिहासास धरून नाहीं. पुष्कळांनीं मिळून ठरविलें तर बदलतां येतें. एकट्यादुकट्यास येत नाहीं, एवढाच त्याचा खरा अर्थ. तसेंच दहा लाख जागा म्हणजे दहा लाख माणसें असेंही समजूं नये. एकाच संस्थेकडे हजारों जागा असतात. लिडो नांवाच्या एका योजनेखालीं तर एके काळीं एकूण अनामतीचा जवळजवळ तिसरा हिस्सा गोळा झाला होता. गोतसभेंत शंभर पागोटीं दिसलीं, तरी त्यांतील तीस एकाच वाड्यांतून आलीं नाहींत ना, हें पाहावें लागतें.

आतां आपल्या राज्यांत काय घडलें तें पाहूं. २०२१ सालीं महाराष्ट्राच्या कौशल्य विकास मंडळानें आपल्या पदविकांचीं प्रमाणपत्रें पडताळतां यावींत यासाठीं लेजिटडॉक नांवाच्या योजनेतून त्यांची नोंद इथीरियमवर करण्याचें ठरविलें. पुढील सालीं, म्हणजे २०२२ मध्यें, गडचिरोली जिल्ह्यांतील एटापल्ली उपविभागांत सुमारें ६५,००० जातीच्या दाखल्यांसाठीं त्याच योजनेचा अवलंब झाला. या वेळीं वही मात्र पॉलिगॉनची घेतली. अरण्यांत वसलेल्या त्या मुलखांत दाखल्यावर मुलाची शिष्यवृत्ति, प्रवेश आणि नोकरी अवलंबून असते. बनावट दाखल्यांस आळा बसावा व खऱ्या दाखल्याची पडताळणी कोठूनही व्हावी, हा हेतु स्तुत्यच होता. पासष्ट हजार नोंदी करावयाच्या म्हटल्यावर ज्या वहीची फी पैशांत आहे तिच्याकडे सरकारी कचेरीचें मन वळावें, हेंही स्वाभाविक आहे.

तथापि येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. वहींत दाखला जात नाहीं, त्याचा ठसा जातो. आणि ठसे एकत्र बांधतां येतात. दोन दाखल्यांचे दोन ठसे जोडून त्यांचा मिळून एक ठसा काढावा, अशा दोन जोडठशांचा पुन्हां एक काढावा, असें करीत गेलें तर पासष्ट हजार दाखल्यांचा सोळा पायऱ्यांत अवघा एक ठसा उरतो. ही युक्ति राल्फ मर्कल यांनीं १९७९ सालीं काढली, आणि आज ती सर्वत्र वापरली जाते. या रीतीनें पासष्ट हजार दाखल्यांसाठीं मुख्य वहींत एकच ओळ पुरते. मग ती ओळ दोन सेकंदांत पडली काय आणि पंधरा मिनिटांत पडली काय! दाखला माणसाच्या जन्माला पुरावयाचा असतो. त्याला वेगाची गरज नसून दीर्घकाळ टिकणाऱ्या साक्षीची आहे. उलट रोजची किरकोळ देवघेव, तिकिटें, खेळ यांस वेग पाहिजे, आणि तेथें साक्षीदार शंभर असले तरी कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. दोन वह्यांत श्रेष्ठ कोणती, हा प्रश्न म्हणूनच आम्हांस अपुरा वाटतो. ज्या कामाची चूक वर्षानुवर्षें भोगावी लागते त्यास साक्षीदार पुष्कळ असावेत. ज्याची चूक उद्यां सुधारतां येते त्यास थोडे चालतात.

जुन्या नोंदीची किंमत आमच्या जालना जिल्ह्यास शिकवावयास नको. १ मे १९८१ रोजीं हा जिल्हा स्वतंत्र झाला. त्यापूर्वीं त्याचा बहुतेक भाग औरंगाबाद जिल्ह्यांत होता, आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. त्यामुळें येथील जुनें दप्तर कांहीं मोडींत, कांहीं उर्दूंत, कांहीं येथें तर कांहीं हैदराबादेस, असें विखुरलेलें आहे. २०२३ सालीं अंबड तालुक्यांतील अंतरवाली सराटी येथून मराठा आरक्षणाचें आंदोलन पसरलें. आणि कुणबी असल्याच्या जुन्या नोंदी शोधण्यासाठीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली. त्या वादांत कोणती बाजू रास्त, हा या सदराचा विषय नाहीं. परंतु कोण्या काळीं कोण्या पटवाऱ्यानें एका ओळींत काय लिहून ठेवलें, यावर आजच्या मुलाचा प्रवेश ठरतो, हें सर्वांनीं डोळ्यांनीं पाहिलें. ती ओळ सांपडली तर आनंद. न सांपडली तर ती कधीं नव्हतीच कीं नाहींशी झाली, हें सांगावयास दुसरी प्रत नाहीं.

आणि ती ओळ मूळचीच चुकीची असेल तर? येथें दोन्ही वह्या सारख्याच निरुपाय आहेत. दहा लाख साक्षीदार असोत कीं शंभर, ते साक्ष देतात ती 'अमुक दिवशीं अमुक लिहिलें गेलें' एवढ्याचीच. लिहिलें तें खरें कीं खोटें, हें त्यांस ठाऊक नसतें. पहिल्या लेखणीनें नांव चुकविलें, तर तें चुकलेलें नांव मात्र अत्यंत इमानानें जपलें जाईल.

आतां बाईंच्या प्रश्नाकडे वळूं. त्यांनीं पत्रासोबत वाटणीचा कच्चा खर्डा पाठविला आहे. त्यांत तिन्ही मुलग्यांचीं नांवें, विहिरीच्या पाळ्या, मोसंबीच्या ओळी, सर्व कांहीं व्यवस्थित आहे. परंतु बाईंच्या दोन्ही नणंदांचें नांव कोठेंही नाहीं. बाईंनीं तें मुद्दाम गाळलें असें आम्हांस वाटत नाहीं. चालत आलेल्या रीतीनें खर्डा झाला असावा. पण हिंदु उत्तराधिकार कायद्यांत २००५ सालीं झालेल्या सुधारणेनें एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि ऑगस्ट २०२० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो निःसंदिग्ध शब्दांत कायम केला आहे. हा खर्डा असाच इथीरियमवर गेला तर दहा लाख साक्षीदारांदेखत दोन बहिणी वगळल्याची नोंद अक्षय राहील. एके काळीं एका कागदामुळें दोन घरें तुटलीं. आतां या कागदामुळें आणखी दोन तुटूं नयेत. म्हणून वहीची निवड करण्यापूर्वीं दोघी नणंदांस माहेरीं बोलवावें, खर्डा त्यांच्यासमोर वाचावा, आणि त्या काय म्हणतात तें ऐकावें. त्यांनीं आपखुशीनें कांहीं सोडावयाचें ठरविलें तरी तें त्यांच्या सहीनें आणि कायद्याच्या रीतीनेंच व्हावें.

दुसरी गोष्ट. स्थावराचें वाटणीपत्र लिहून करावयाचें तर तें १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणें दुय्यम निबंधकाकडे नोंदलें पाहिजे. मामंजींस मृत्युपत्र करावयाचें असेल तर १९२५ च्या उत्तराधिकार कायद्यान्वयें त्यावर निदान दोन साक्षीदारांच्या सह्या पाहिजेत. आणि २००० सालचा माहिती तंत्रज्ञानाचा कायदा मृत्युपत्रास लागूच नाहीं, तेव्हां तें कागदावरच झालें पाहिजे. या ठिकाणीं इथीरियमही चालत नाहीं आणि पॉलिगॉनही चालत नाहीं.

तिसरी गोष्ट पुतण्यांनीं नीट समजून घ्यावी. ठसा कागद जपत नाहीं. बाईंच्या आजेसासऱ्यांच्या कागदाचा ठसा त्या काळीं एखाद्या सांखळींत घातलेला असता, तरी वाळवीनें कागद खाल्ल्यावर ठशावरून विहिरीची पाळी परत वाचतां आली नसती. कोणी प्रत आणून दाखविली, तर ती अस्सल कीं नक्कल एवढेंच ठशावरून ठरतें. म्हणून विकेंद्रीकरण प्रथम आपल्या घरांतच करावें. नोंदलेल्या वाटणीपत्राच्या प्रती काढून प्रत्येक भावाकडे एक आणि प्रत्येक बहिणीकडे एक, अशा ठेवाव्या. पांच घरांतील पांच पेट्यांना एकाच वेळीं वाळवी लागण्याचा संभव थोडा.

इतकें झाल्यावर मुलांची हौस असेल तर ठसा अवश्य ठेवावा. काम एकदांच करावयाचें आहे आणि पिढ्यान् पिढ्या टिकावें अशी इच्छा आहे. तेव्हां आमचें मत थोरल्या चिरंजीवांच्या बाजूनें, म्हणजे इथीरियमच्या बाजूनें पडतें. एका नोंदीची फी कांहीं जड नाहीं, आणि पंधरा मिनिटें थांबावयास कोणाची गाडी चुकत नाहीं. मात्र नांवें, गट क्रमांक, जन्मतारखा यांपैकीं कांहींही उघड्या वहींत घालूं नये, केवळ ठसा घालावा. कारण तेथें घातलेलें पुसतां येत नाहीं. कोणत्या प्रतीचा ठसा कोणत्या दिवशीं घातला, हें साध्या कागदावर लिहून त्या पांचही पेट्यांत ठेवावें. धाकट्या चिरंजीवांनीं हिरमुसलें होऊं नये. रोजच्या लहान व्यवहारांसाठीं त्यांची वही खरोखर सोयीची आहे, आणि तिच्या कर्त्यांचा त्यांस वाटणारा अभिमान आम्हांसही वाटतो. पण या वह्यांच्या चलनाचा सट्टा दोघांनींही घरांत आणूं नये, एवढी वडिलकीची सूचना करून ठेवतों.

नणंदांचें माहेरपण पार पडल्यावर काय ठरलें, तें बाईंनीं आम्हांस अवश्य कळवावें. आणि आमच्या अन्य वाचकांनीं आज संध्याकाळीं आपल्या घरची पेटी एकदां उघडून पाहावी. कोणत्या कागदाची एकच प्रत आहे, ती कोणाच्या हातीं आहे, आणि त्यांत कोणाचें नांव राहून गेलें आहे, हीं तीन उत्तरें मिळालीं म्हणजे वहीचा प्रश्न पुष्कळसा आपोआप सुटेल.